संसदेत मांडलेलं विधेयक आपल्याला कधी लागू होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संसदेचं अधिवेशन सुरू झालं की 'नवीन कायदा आला' असे मेसेज फिरू लागतात. त्यांत विधेयक, अध्यादेश, कायदा आणि नियम यांची सरमिसळ असते. खालची उत्तरं लोकसभा आणि राज्यसभेत येणाऱ्या विधेयकांपुरती आहेत. राज्याच्या विधिमंडळाची पद्धत बरीचशी अशीच असली तरी तपशील वेगळे आहेत.

'बिल पास झालं' अशी बातमी आली. आजपासून नवा नियम पाळायचा का?

आधी पाहा, पास कुठे झालं. मंत्रिमंडळाने मसुद्याला होकार दिला तरी टीव्हीवर 'मंजूर' असंच झळकतं, आणि त्या दिवशी विधेयक संसदेत आलेलंही नसतं. लोकसभेने मंजूर केलं असेल तर राज्यसभा बाकी असते. दोन्ही सभागृहांतून पार पडलं असेल तर राष्ट्रपतींची संमती बाकी असते. संमतीनंतर ते राजपत्रात अधिनियम म्हणून छापलं जातं आणि त्याला त्या वर्षाचा क्रमांक मिळतो. इतकं झाल्यावरही तो कायदा अंमलात आला असेलच असं नाही.

अंमल कधीपासून, हे बहुधा कलम १ मध्येच लिहिलेलं असतं. कधी तिथे सरळ तारीख असते: आयकर अधिनियम, २०२५ ला २१ ऑगस्ट २०२५ रोजी संमती मिळाली, पण अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ अशी कायद्यातच घातलेली होती. बहुतेक वेळा मात्र 'केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेद्वारे नेमून देईल अशा तारखेस' असे शब्द सापडतात. तसं असेल तर ती वेगळी अधिसूचना निघेपर्यंत कायदा कागदावरच राहतो. आणि कायद्यात तारखेबद्दल काहीच म्हटलेलं नसेल, तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे संमतीच्या दिवसापासून तो लागू धरतात.

ही अधिसूचना किती लांबू शकते याचं ठळक उदाहरण म्हणजे कामगार संहिता. वेतन संहिता २०१९ मध्ये आणि उरलेल्या तीन २०२० मध्ये संसदेत मंजूर झाल्या. चारही अंमलात आल्या २१ नोव्हेंबर २०२५ रोजी. मधल्या काळात 'पुढच्या महिन्यापासून हातात येणारा पगार कमी होणार' ही बातमी किती वेळा आली त्याची गणती नाही.

एकाच कायद्याची काही कलमं लागू आणि काही नाहीत, असं कसं?

कलम १ मध्येच बहुधा जोडवाक्य असतं: वेगवेगळ्या तरतुदींसाठी वेगवेगळ्या तारखा नेमता येतील. स्थावर संपदा कायद्याचं, म्हणजे रेराचं, असंच झालं. ९२ पैकी ५९ कलमं १ मे २०१६ पासून लागू झाली, आणि प्रकल्पनोंदणीसारखी ज्याची खरी वाट पाहिली जात होती ती कलमं १ मे २०१७ पासून.

भारतीय न्याय संहितेचं उदाहरण जास्त बोलकं आहे. ती १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पण कलम १०६ चं पोटकलम (२) त्या अधिसूचनेतून वगळलं होतं. अपघातात माणूस दगावल्यावर पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी ती तरतूद. जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी संप केला आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या त्या याच पोटकलमावरून. म्हणजे पुस्तकात ते कलम छापलेलं दिसतं, पण अंमलाच्या अधिसूचनेत त्याचं नाव नाही. नुसता अधिनियम वाचून 'हे लागू आहे' असं कुणाला सांगू नये, ते यासाठी.

अंमलाची अधिसूचना शोधायची कशी?

केंद्रीय राजपत्राच्या संकेतस्थळावर 'असाधारण' राजपत्र निवडा. अधिनियम स्वतः भाग २, विभाग १ मध्ये असतो. अंमलाच्या अधिसूचना आणि नियम हे भाग २, विभाग ३ मध्ये असतात. मंत्रालयाचं नाव आणि महिना टाकून चाळलं तर बहुधा दहा मिनिटांत सापडतं. शोधताना चूक होते ती मंत्रालय निवडताना. विधेयक ज्या मंत्र्यांनी मांडलं त्यांच्याच मंत्रालयाची अधिसूचना असते. विधि मंत्रालयाच्या यादीत ती शोधून उपयोग नाही.

इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर अद्ययावत कायदे आणि बऱ्याचदा अंमलाच्या तारखाही एकत्र मिळतात. पण ताज्या बदलासाठी राजपत्रच पाहावं.

राष्ट्रपतींना संमती द्यायला काही मुदत असते का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १११ मध्ये मुदत दिलेली नाही. व्यवहारात काही दिवसांतच संमती मिळते. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत मांडलं गेलं, त्याच दिवशी तिथे मंजूर झालं, २१ ला राज्यसभेत, आणि २२ ला संमती. दुसऱ्या टोकाला १९८६ चं भारतीय डाकघर दुरुस्ती विधेयक आहे: टपाल उघडून पाहण्याच्या अधिकाराबद्दलचं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्याला ना संमती दिली ना ते परत पाठवलं, आणि ते कधीच कायदा झालं नाही.

राष्ट्रपती विधेयक फेरविचारासाठी परत पाठवू शकतात (धन विधेयक आणि घटनादुरुस्ती विधेयक सोडून). संसदेने ते पुन्हा मंजूर केलं तर मात्र संमती द्यावीच लागते. लाभाच्या पदांबद्दलचं विधेयक २००६ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी परत पाठवलं होतं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली.

विधेयकाची प्रत कुठे मिळते? आमच्याकडे आलेली पीडीएफ खरी आहे का?

संसदेच्या 'संसद डॉट इन' या संकेतस्थळावर 'विधिविषयक कामकाज' किंवा विधेयकांच्या विभागात नाव आणि वर्ष टाकून शोधा. तिथे एकाच विधेयकाच्या अनेक प्रती असतात, आणि गोंधळ इथेच होतो: 'मांडल्याप्रमाणे', 'समितीने दिलेल्या अहवालाप्रमाणे', 'लोकसभेने मंजूर केल्याप्रमाणे', 'दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याप्रमाणे'. समाजमाध्यमांवर फिरणारी प्रत जवळजवळ नेहमी पहिली असते, कारण ती सगळ्यात आधी उपलब्ध होते आणि एकदा उतरवून घेतली की वर्षभर तीच पुढे ढकलली जाते. मधे दुरुस्त्या झाल्या असतील तर त्या त्यात नसतात.

पहिल्या पानावर तीन गोष्टी पाहा: विधेयक क्रमांक आणि वर्ष, कुठल्या सभागृहात, आणि कुठल्या टप्प्यावरची प्रत. पीडीएफमध्ये या तिन्ही नसतील तर ती मंत्रालयाने हरकती मागवण्यासाठी ठेवलेल्या मसुद्याची प्रत असण्याची शक्यता मोठी. मसुदा आणि विधेयक यांत कधी थोडाच फरक असतो, कधी खूप.

विधेयकात कुठून वाचायला सुरुवात करावी?

शेवटून. विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असतं. बदल का हवा आहे ते सरकार तिथे एक-दोन पानांत सांगतं. त्याखाली वित्तीय ज्ञापन (सरकारी तिजोरीतून किती खर्च होणार) आणि प्रत्यायोजित विधिविधानाचं ज्ञापन असतं. हे शेवटचं नाव वाचून लोक पान उलटतात, पण कामाचं तेच आहे. कोणत्या गोष्टी कायद्यात न ठरवता नियमांवर सोडल्या आहेत, त्याची ती यादी असते. दुरुस्ती विधेयक असेल तर मूळ कायद्यातल्या संबंधित कलमांचे उतारेही परिशिष्टात दिलेले असतात.

एक सावधगिरी: उद्देशाच्या निवेदनात जे लिहिलं आहे ते कलमांत असेलच असं गृहीत धरू नका. ते निवेदन कायद्याचा भाग होत नाही.

दुरुस्ती विधेयक डोक्यावरून जातं. ते कसं वाचायचं?

दुरुस्ती विधेयक एकटं वाचलं तर कुणाच्याच डोक्यात शिरणार नाही. त्यात पूर्ण वाक्यं नसतात, फक्त सूचना असतात: अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द दाखल करण्यात येतील, अमुक परंतुक वगळण्यात येईल, अमुक कलमानंतर पुढील कलम समाविष्ट करण्यात येईल. म्हणून मूळ कायद्याची अद्ययावत प्रत शेजारी उघडा आणि प्रत्येक सूचना पेन्सिलीने त्यात भरा. ती प्रत अद्ययावत असणं महत्त्वाचं. दहा वर्षांपूर्वीच्या पुस्तकात मधल्या दुरुस्त्या नसतात आणि 'हे शब्द इथे नाहीतच' असा प्रसंग येतो.

अडखळायला होतं त्या जागा ठरलेल्या आहेत.

विधेयकाच्या परिच्छेदाला खंड म्हणतात, कायद्यातल्याला कलम. दुरुस्ती विधेयकाचा खंड ४ मूळ कायद्याचं कलम ६० बदलत असू शकतो. 'कलम ४ वाईट आहे' असं कुणी म्हणालं तर आधी विचारा, विधेयकाचा खंड ४ की मूळ कायद्याचं कलम ४.

नव्याने घुसवलेल्या कलमांना अक्षर लागतं. हिंदी प्रतीत ते १९४घ असं दिसतं, इंग्रजीत १९४डी. दोन्ही एकच: क, ख, ग, घ म्हणजे ए, बी, सी, डी. (हे विशिष्ट कलम मोटार वाहन कायद्यातलं, हेल्मेटचं.)

आकड्याकडे पाहताना आजूबाजूचे शब्द सुटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवण्याच्या कलमात, पहिल्या गुन्ह्याला पूर्वी 'दोन हजार रुपयांपर्यंत' दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो 'दहा हजार रुपये' झाला. बातम्यांत पाचपट वाढ आली. 'पर्यंत' गेला हे फारसं कुणी सांगितलं नाही. पूर्वी न्यायालयाला पाचशे रुपये दंड करता येत होता. आता दंड करायचाच तर दहा हजारच.

परंतुक आणि स्पष्टीकरण कधी सोडू नका. मुख्य कलम अधिकार देतं आणि 'परंतु' ने सुरू होणारं वाक्य तो अर्धा काढून घेतं, असं नेहमी घडतं.

'विहित करण्यात येईल अशा रीतीने' हे शब्द जागोजागी दिसतात. त्याचा अर्थ काय?

म्हणजे फॉर्म कोणता, फी किती, मुदत किती दिवसांची, हे सरकार नंतर नियमांत ठरवेल. कायदा मंजूर झाला, अंमलाची तारीखही ठरली, पण नियम नाहीत, तर अर्ज करायला खिडकीच नसते. नागरिकत्व दुरुस्ती कायदा १० जानेवारी २०२० पासून अंमलात आला. नियम आले ११ मार्च २०२४ रोजी, आणि अर्ज त्यानंतरच सुरू झाले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी संमती मिळाली; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू होणारे.

व्यावसायिकांना आमचा सल्ला असा: कायदा मंजूर झाल्या झाल्या सॉफ्टवेअर किंवा फॉर्म बदलायला पैसे घालू नका. नियमांचा मसुदा हरकतींसाठी निघतो, तेव्हा तो ओळ न ओळ वाचा. रोजच्या धंद्याला लागणारे आकडे बहुधा तिथेच सापडतात.

एकाच नावाची दोन विधेयकं दिसतात, एकापुढे 'क्रमांक २' आहे. कोणतं खरं?

बहुधा पहिलं मागे घेतलेलं असतं. आयकर विधेयक, २०२५ हे १३ फेब्रुवारी २०२५ रोजी लोकसभेत मांडलं गेलं आणि ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे (त्या एका विधेयकासाठी सभागृहाने नेमलेल्या समितीकडे) गेलं. समितीने जुलैमध्ये अहवाल दिला. सुचवलेले बदल इतके होते की सरकारने ८ ऑगस्टला ते विधेयक मागे घेतलं आणि ११ ऑगस्टला आयकर (क्रमांक २) विधेयक, २०२५ मांडलं. कायदा झाला तो दुसऱ्याचा. फेब्रुवारीत छापलेली मार्गदर्शक पुस्तकं घेऊन बसणाऱ्यांनी हे तपासून घ्यावं.

भारतीय न्याय संहितेचंही तसंच. ऑगस्ट २०२३ मध्ये मांडलेली तिन्ही फौजदारी विधेयकं गृहविषयक स्थायी समितीच्या अहवालानंतर मागे घेतली गेली आणि डिसेंबरमध्ये नवी आली. ती 'दुसरी' या नावाने ओळखली जातात.

घटनादुरुस्तीचे क्रमांक जुळत नाहीत. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. विधेयकांचा क्रम वेगळा चालतो आणि मंजूर झालेल्या दुरुस्त्यांचा वेगळा, कारण सगळी विधेयकं मंजूर होत नाहीत. जीएसटीचं विधेयक १२२ वं होतं, ती घटनादुरुस्ती १०१ वी ठरली. महिला आरक्षणाचं २०२३ चं विधेयक १२८ वं, दुरुस्ती १०६ वी.

घटनादुरुस्ती विधेयक साध्या बहुमताने मांडलं गेलं. मग ते बेकायदा नाही का?

नाही. मांडायला साधं बहुमत पुरतं. विशेष बहुमत मंजुरीच्या वेळी लागतं. एकत्रित निवडणुकांचं १२९ वं घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडलं गेलं तेव्हा बाजूने २६९ आणि विरोधात १९८ मतं पडली. एकूण ४६७. त्याचे दोन-तृतीयांश ३१२ होतात. म्हणून दुसऱ्या दिवशी 'विधेयक पडलं असतं' अशी चर्चा झाली. मंजुरीच्या मतदानाचा दिवस असता तर ती बरोबर ठरली असती. त्या दिवशी प्रश्न फक्त मांडू द्यायचं की नाही एवढाच होता, आणि विधेयक पुढे संयुक्त समितीकडे गेलं.

मंजुरीसाठी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात, आणि त्या प्रत्येक सभागृहात स्वतंत्रपणे: एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन-तृतीयांश. लोकसभेत ५४३ जागा धरल्या तर पहिली अट २७२ ची. केंद्र-राज्य अधिकारांना, राज्यांच्या संसदेतल्या प्रतिनिधित्वाला किंवा उच्च न्यायालयांना हात लावणाऱ्या तरतुदींना निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. इथे संयुक्त बैठकीची, म्हणजे दोन्ही सभागृहांना एकत्र बसवून मतदान घेण्याची, पळवाट नाही.

सामान्य माणसाला विधेयकावर मत कुठे आणि केव्हा मांडता येतं?

दोन खिडक्या आहेत आणि दोन्ही लवकर बंद होतात.

पहिली, विधेयक संसदेत येण्याआधी. २०१४ च्या पूर्वविधिमंडळ सल्लामसलत धोरणानुसार मंत्रालयाने मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवायला हवा. हे धोरण आहे, कायदा नाही. ते पाळलं नाही म्हणून विधेयक बाद होत नाही, आणि अनेकदा ते पाळलं जात नाही.

दुसरी, समितीच्या टप्प्यावर. विधेयक विभागीय स्थायी समितीकडे (अशा २४ समित्या आहेत, प्रत्येकीत ३१ सदस्य: लोकसभेचे २१, राज्यसभेचे १०), प्रवर समितीकडे किंवा संयुक्त समितीकडे गेलं की समिती बहुधा वर्तमानपत्रांत आणि संसदेच्या संकेतस्थळावर सूचना मागवणारी जाहिरात देते. मुदत बहुतेक वेळा १५ दिवसांची असते. सभागृहात विधेयक चर्चेला आल्यावर पत्र पाठवणारे पुष्कळ असतात. तोवर पक्षादेश (व्हिप) निघालेला असतो आणि तुमचा खासदार मनातून सहमत असला तरी मत बदलू शकत नाही.

समितीला पाठवायचं निवेदन कसं लिहावं?

जाहिरातीतल्या अटी आधी पाळा: भाषा हिंदी किंवा इंग्रजी, बहुधा दोन प्रती टपालाने आणि एक ईमेलने. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर निवेदनातच तसं स्पष्ट लिहा. बोलवायचं की नाही हे समिती ठरवते.

मजकुराची मांडणी अशी ठेवा. वर विधेयकाचं पूर्ण नाव आणि क्रमांक. मग प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी: खंड आणि उपखंड क्रमांक; सध्याचे शब्द जसेच्या तसे; तुम्हाला हवे असलेले शब्द; आणि कारण. 'हा खंड अन्यायकारक आहे' यावर समितीच्या सचिवालयाला काही करता येत नाही. 'खंड अमुकमध्ये तीस दिवसांऐवजी साठ दिवस करावेत, कारण तालुक्याहून हा दाखला मिळायला सहा आठवडे लागतात' हे वाक्य थेट त्यांच्या तक्त्यात जातं. असा पुरावा तुमच्याकडे असेल तर त्याची प्रत जोडा: दाखल्याच्या पोचपावत्या, हिशेब, खटल्यांच्या तारखा. लांबी चार-पाच पानांच्या आत. तुमच्या संस्थेचा इतिहास शेवटच्या पानावर, दोन ओळींत.

एकाच मजकुराची हजारो पत्रं पाठवून फारसं साधत नाही. वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त समितीकडे सुमारे ९७ लाख निवेदनं आली होती. एवढ्या ढिगात वेगळी आणि नेमकी मांडणीच नजरेत येते.

आणि एक महत्त्वाचं: समितीला दिलेलं निवेदन तिच्या नोंदींचा भाग होतं आणि गोपनीय मानलं जातं. पाठवल्यावर ते फेसबुकवर टाकणं हा विशेषाधिकारभंग ठरू शकतो. जाहीर भूमिका मांडायचीच असेल तर वेगळा लेख लिहा.

समिती नसेल तर?

लोकसभेत विधेयकाच्या खंडावरच्या दुरुस्तीची सूचना विचाराच्या निदान एक दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा खासदाराला गाठायचं तर त्याच्या आधी, आणि 'याला विरोध करा' यापेक्षा तयार दुरुस्ती हातात देऊन. शिवाय मांडलेल्या विधेयकावर सभागृहाकडे विनंतीअर्जही करता येतो. त्यावर एखाद्या सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. हा अर्ज मराठीतही चालतो, मात्र सोबत हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावर अर्जदाराची सही हवी.

समितीचा अहवाल सरकारवर बंधनकारक असतो का?

नाही. तरी त्याचं वजन असतं, हे आयकराच्या उदाहरणात दिसलंच. कधी उलटंही होतं. वैयक्तिक डेटाचं २०१९ चं विधेयक दोन वर्षं संयुक्त समितीत होतं, समितीने ८१ दुरुस्त्या सुचवल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सरकारने ते विधेयकच मागे घेतलं. वर्षभराने आलेलं नवं विधेयक समितीकडे न जाता आठवड्याभरात मंजूर झालं. विधेयक समितीकडे पाठवणं सक्तीचं नाही. तो निर्णय सभागृहाचा, म्हणजे व्यवहारात बहुमताचा.

धन विधेयक म्हणजे काय, आणि त्यावरून एवढा वाद का होतो?

अनुच्छेद ११० मध्ये दिलेल्या बाबींपुरतंच मर्यादित असलेलं विधेयक: कर, सरकारी कर्ज, संचित निधीतला खर्च. ते फक्त लोकसभेत मांडता येतं. राज्यसभेला १४ दिवस मिळतात. ती शिफारशी करू शकते, अडवू शकत नाही. एखादं विधेयक धन विधेयक आहे की नाही यावर लोकसभा अध्यक्षांचा निर्णय अंतिम असं घटना म्हणते, आणि वाद इथेच आहे. आधार कायदा २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून आला. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बहुमताने ते मान्य केलं, पण २०१९ मध्ये दुसऱ्या घटनापीठाने हा प्रश्न सात न्यायाधीशांकडे सोपवला.

मग अर्थसंकल्पात जाहीर झालेला कर त्याच रात्रीपासून कसा लागतो?

त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे: करांच्या तात्पुरत्या वसुलीचा, आधी १९३१ चा आणि आता २०२३ चा. सीमाशुल्क किंवा उत्पादन शुल्क बदलणाऱ्या खंडाला विधेयकात तसं घोषणापत्र जोडलं असेल तर तो दिवस संपताच लागू होतो. ७५ दिवसांत कायदा झाला नाही तर ती वसुली थांबते आणि जादा घेतलेलं परत करावं लागतं. आयकराच्या दरांना हे लागू नाही.

अध्यादेश आणि विधेयक यांत फरक काय?

संसदेचं अधिवेशन चालू नसताना सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती काढतात तो अध्यादेश. तो निघाल्या दिवसापासून कायद्याइतकाच बळकट असतो, पण त्याचं आयुष्य थोडं. संसदेचं अधिवेशन पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत त्याच्या जागी कायदा झाला नाही तर तो संपतो. दोन सभागृहं वेगवेगळ्या दिवशी भरली तर नंतरच्या तारखेपासून मोजायचं. तिहेरी तलाकवर सप्टेंबर २०१८ पासून लागोपाठ अध्यादेश निघाले, आणि जुलै २०१९ मध्ये झालेला कायदा १९ सप्टेंबर २०१८ पासूनच लागू मानला गेला. म्हणून अध्यादेशाची जागा घेणाऱ्या कायद्यात कलम १ आणि शेवटचं 'निरसन व व्यावृत्ती' कलम (अध्यादेश रद्द करणारं, पण त्याखाली झालेलं कायम ठेवणारं) ही दोन्ही जरूर पाहा.

लोकसभा विसर्जित झाली की अर्धवट राहिलेल्या विधेयकांचं काय होतं?

लोकसभेत पडून असलेलं विधेयक, मग ते कुठेही सुरू झालेलं असो, संपतं. लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत अडकलेलंही संपतं. राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेपर्यंत न पोचलेलं मात्र टिकतं. महिला आरक्षणाचं २००८ चं विधेयक मुद्दाम राज्यसभेत मांडलं गेलं ते यासाठीच. पण मार्च २०१० मध्ये ते राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत गेलं, तिथे चार वर्षं पडून राहिलं आणि २०१४ मध्ये संपलं. नुसतं अधिवेशन संपल्याने कोणतंही विधेयक संपत नाही.

खासगी विधेयकाची बातमी वाचली. काळजी करावी का?

नाही. मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेलं असं शेवटचं विधेयक संसदेत मंजूर झालं ते १९७० मध्ये. एखादा विषय चर्चेत आणायला ती उपयोगी असतात, पण 'सरकार अमुक कायदा आणतंय' असं म्हणण्याआधी मांडणाऱ्याचं नाव पाहा.

केंद्राचा कायदा महाराष्ट्रात वेगळ्या तारखेला लागू होऊ शकतो?

कायदा तोच, पण त्यातले काही अधिकार राज्याकडे असतात. मोटार वाहन कायद्याच्या वाढीव दंडाची कलमं १ सप्टेंबर २०१९ पासून देशभर अंमलात आली. जागेवर भरून प्रकरण मिटवायची तडजोड रक्कम मात्र कलम २०० प्रमाणे राज्य सरकार ठरवतं, आणि महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ मध्ये लागू केले. वाहतूक पोलिसांच्या पावतीवरचा आकडा आणि कायद्यातला आकडा जुळत नाही तो यामुळे.

विधेयक मराठीत मिळतं का?

विधेयक इंग्रजी आणि हिंदीत छापलं जातं. मराठी प्राधिकृत पाठ, निघालाच तर, कायदा झाल्यानंतर निघतो, १९७३ च्या प्राधिकृत अनुवाद कायद्याखाली, आणि त्याला वेळ लागतो. तोवर मराठीत फिरणारं कुठलंही भाषांतर खासगी समजा. शब्दावर अडलं तर अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी पाठ पाहायचा.

माझ्या खासदाराने कसं मत दिलं ते कळेल का?

मतविभागणी झाली असेल तरच. आवाजी मतदानात 'होय' जास्त की 'नाही' जास्त एवढंच पीठासीन अधिकारी ठरवतात; कुणाचं नाव नोंदलं जात नाही, आणि बहुतेक विधेयकं अशीच मंजूर होतात. मतविभागणी झाली असेल तर त्या दिवसाच्या कामकाजाच्या छापील वृत्तांतात नावांच्या दोन्ही याद्या असतात. यंत्रावर चुकीचं बटण दाबलेल्यांनी चिठ्ठीवर केलेली दुरुस्ती त्या यादीखाली तळटीपेत येते, म्हणून फलकावरचा आकडा आणि वृत्तांतातला आकडा यांत दोन-चारचा फरक दिसू शकतो.